कापसावरची रेंज

धनंजयने कापसाच्या ढिगावर चढून बसायचं ठरवलं, तेव्हा त्यात कुणाचं काही बिघडेल असं त्याला वाटलं नव्हतं. माणूस चढतो, खेळतो, उतरतो. कापसाला काय होतं?

अल्लीपूरच्या त्यांच्या घरात मोबाइलला रेंज यायची ती एकाच जागी. आतल्या खोलीत, छताच्या पत्र्याला लागून एक झरोका होता. तिथं फोन धरला की हिंगणघाटकडचा टॉवर थोडा दयाळू व्हायचा. शिडी लावून झाली, पण शिडीवर लोंबकळत दोन्ही हातांनी बंदूक चालवता येत नाही (बंदूक मोबाइलमधली). पत्र्यावर चढायला घरात बंदी होती, कारण मागच्या उन्हाळ्यात तो चढला होता आणि एक पत्रा त्याच्यासकट खाली आला होता. उरला कापूस. दिवाळीपासून वेचून आणलेला कापूस खोलीत साठत गेला, आणि जानेवारीत ढिगाचा माथा झरोक्याला टेकला. 'इंटरनेट हा खेड्याचा हक्क आहे' असं ग्रामसभेत टेबल बडवून सांगणाऱ्या धनंजयला त्याचा हक्क असा मिळाला.

खेळ सोपा होता. एका बेटावर चार-चार जणांचे संघ उतरतात आणि एकमेकांना टिपतात. बेटावरचं वर्तुळ लहान लहान होत जातं, वर्तुळाबाहेर राहील तो आपोआप मरतो. ज्या संघाचा माणूस शेवटपर्यंत जिवंत, तो संघ जिंकला. धनंजयच्या संघाची कप्तान होती आकांक्षा, हिंगणघाटची, त्याच्याच कॉलेजातली. ढीग लहान होता त्या दिवसांत धनंजयचा गडी ऐन लढाईत अडकून उभाच राहायचा. त्यामुळे संघात त्याला 'पुतळा' म्हणत.

"पुतळ्या, रविवारी दुपारी वर्ध्याच्या टीमसोबत सेमीफायनल हाये," आकांक्षाने फोनवर बजावलं. "या टाइमले अटकला, तर तुले काढून मयुरीले घेईन."

"मयुरी कोण?"

"माही मावसबहीण. सातवीत हाये."

"अटकत नाई आता. माझ्याकडे हाय स्पीड आहे," धनंजय म्हणाला. (कशावर बसून, ते त्याने सांगितलं नाही.)

त्याच संध्याकाळी वडील, रूपराव, जेवता जेवता म्हणाले, "शनिवारी व्यापाऱ्याची गाडी बलावतो. कापूस देऊन टाकू."

धनंजयने हातातला घास ताटात ठेवला. "एवढ्यात काऊन विकता बाबा? भाव वाढते ना!"

"कोन म्हन्ते?"

"आंतरराष्ट्रीय बाजार."

मग तो बोलत सुटला. परदेशातली मागणी, व्यापाऱ्यांची साखळी, शेतकऱ्याची अगतिकता. आपल्या मालाचा भाव आपण ठरवायचा नाही तर शिकायचं कशाला, असंही त्याने विचारलं. सुरुवात त्याने रेंजसाठी केली होती, पण भाषणाच्या मध्यावर त्याला ते सगळं मनापासून पटलं. (हा त्याचा जुनाच गुण.) रूपरावांचे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्यांनी पोराचं शहाणपण सांगितलं, आणि शेजारच्या भैय्याजींनी तर दारात आलेली गाडी रिकामी परत पाठवली.

आई, कोकिळाबाई, मात्र वैतागली होती. साठवलेल्या कापसाने घरभर खाज सुटली होती. "तुह्या आंतरराष्ट्रीय बाजाराले म्हना, येऊन माही पाठ खाजवून दे," ती म्हणाली. बापलेकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. क्रांतीत असं होतंच.

रविवारी रूपराव हिंगणघाटला लग्नाला गेले. धनंजयने कानांत इअरफोन कोंबले, ढिगावर चढला आणि झरोक्याशी मांडी घालून बसला. आज बेट कसं वाऱ्यासारखं पळत होतं! त्याने दोघांना टिपलं. आकांक्षा चक्क "वा रे पुतळ्या!" म्हणाली. मग वर्ध्यावाल्यांनी आकांक्षाला मारलं, मागोमाग उरलेल्या दोघांनाही. आता धनंजय एकटा, समोर वर्ध्याचा एकटा. धनंजयने गडी वर्तुळाच्या मधोमध उंच गवतात पालथा झोपवला आणि नेम धरून वाट पाहू लागला.

तेवढ्यात झरोका वर सरकला.

धनंजयने डोळे चोळले. झरोका आणखी वर गेला. भिंतीही वर जाऊ लागल्या. फोनवर रेंज गेल्याचं ते ओळखीचं चक्र गरगर फिरू लागलं, तेव्हा त्याने इअरफोन ओढून काढले आणि खाली पाहिलं. दाराशी हमाल कापूस चादरींत बांधत होते आणि बाहेर आईने बोलावलेली व्यापाऱ्याची गाडी उभी होती.

"थांबा! थांबा!"

हेमराज हमालाच्या हातून गाठोडं सुटलं. "अरे बापा! बाई, कापसात मानूस हाये!"

"मानूस नाई, माहा पोट्टा हाये," कोकिळाबाई म्हणाली. "भर तू."

"आई, दोन मिनिटं! मी मरून राह्यलो!"

"मंग खाली येऊन मर. अन् आंगावरचा कापूस झटकून जाजो. तोही वजनात धराचा हाये."

ढीग बसला, तसा धनंजयही बसला. चक्र फिरत राहिलं, आणि शेवटी पडदा काळा पडला. तो अंगावर कापूस घेऊनच एसटी थांब्यापर्यंत धावला. तिथं इंटरनेट नाही, पण निदान फोन लागायचा. कोंबून ठेवलेली माफी त्याने एका दमात सोडली. "आकांक्षा, सॉरी, खालून माझा..."

"सॉरी काय बे? जिंकलो आपण!"

"कसे?"

"तू गवतात पडून होता ना, हलेच ना! त्या वर्ध्यावाल्याले वाटलं, हा कुठंतरी दबा धरून बसला. त्याची वर्तुळात पाय टाकायची हिंमतच झाली नाई. बाहेरच मेला तो. सारे इचारून राह्यले, एवढा संयम असलेला खिलाडी कोन हाये?"

धनंजयची छाती फुगली. एसटीची वाट पाहणाऱ्या दोन बायका त्याच्याकडे पाहत होत्या, त्यांच्याकडे पाहून त्याने मान किंचित तिरपी केली. "फायनलपर्यंत मी याहून चांगली रेंज शोधतो."

"खबरदार!" आकांक्षा ओरडली. "रेंज आली की तू हलतं. मी ठरवलं हाये. तुहा गडी मयुरी गवतात नेऊन झोपवेल अन् फोन बंद करेल. नाव टीममंधी तुहंच राहीन. तू फक्त पासवर्ड पाठवजो. आत्ताच."

पासवर्ड धनंजय विसरला होता. नवा काढून पाठवायला इंटरनेट लागत होतं, आणि घरी तर आता फरशी दिसत होती, आईसमोर शिडी लावायचीही सोय नव्हती. शेवटी धनंजय भैय्याजींच्या घरात शिरला, त्याच्याच सल्ल्याने राखून ठेवलेल्या त्यांच्या ढिगावर चढला आणि पत्र्याच्या फटीला फोन लावून बसला.

खालून भैय्याजींनी आदराने विचारलं, "काय दिसते मंग? वाढते का भाव?"

"थांबा भैय्याजी," फोनवरचं चक्र पाहत धनंजय म्हणाला, "अजून फिरूनच राह्यलं."