गुलाबभाऊंचे रोडगे

आमचे शेजारी गुलाबभाऊ इंगळे यांना तुम्ही सहज "काय गुलाबभाऊ, जेवलात का?" असं विचारलंत, तर उत्तर देण्याआधी ते मागे वळून पाहतात. मग तुमच्याकडे पाहतात. मग तोंडावर हात आडवा धरून हळूच म्हणतात, "काऊन? कोनं इचाराले सांगतलं तुले?"

यात त्यांचा फारसा दोष नाही. माणसाने उभा जन्म फुटबॉलची टीम सांभाळली की जगात दोनच जाती उरतात, आपले पोट्टे आणि हेर. पिंपळगाव राजाला फुटबॉल आला तो एका ड्रिलमास्तरांबरोबर. मास्तर बदलून गेले, चेंडू मागे राहिला. एक दिवस तो पंक्चर झाला म्हणून पोरांनी गुलाबभाऊंच्या सायकलच्या दुकानात नेला. म्हणजे आमचे मॅनेजर फुटबॉलमध्ये शिरले ते पंक्चर काढायला. त्यांनी स्वतः चेंडूला कधी लाथ मारलेली कोणी पाहिली नाही. पण हवा भरता भरता त्यांनी विचारलं, "थो लंबा पोट्टा मांगं काऊन उभा करता बे?" आणि लंब्या पोट्ट्याला पुढे घेतल्यावर पिंपळगाव जिंकायला लागलं.

जिंकायला लागलं म्हणजे काय, आमच्या मैदानावर येऊन आम्हाला हरवणं ही गोष्टच बंद झाली. माझा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा असल्यामुळे प्रत्येक सामन्याचं माईकवरून वर्णन मीच करतो. तेव्हा मी सांगतो ते खरं धरायला हरकत नाही.

गुलाबभाऊंचं एक वाक्य ठरलेलं. "यात काहीतरी गोम हाय." नवीन पंच आला की गोम. पंच जुनाच आला तर जास्तच गोम. एकदा गोलखांबापाशी चिरलेलं लिंबू सापडलं. गुलाबभाऊंनी सामना थांबवला. मैदानावर करणी झाल्याची बातमी माझ्या माईकआधी बसस्टँडवर पोचली. शेवटी रसवंतीवाला धावत आला आणि म्हणाला, "भाऊ, थे माह्या पिशवीतून पडलं." गुलाबभाऊंनी त्यालाही पूर्ण सामनाभर नजरेखाली ठेवलं. खेळणारे अकरा कोण, हे शिट्टी वाजेपर्यंत खुद्द त्या अकरांनाही ठाऊक नसे. कटिंगच्या दुकानात मात्र ते मुद्दाम खोटी टीम सांगून यायचे, कारण तिथून बातमी तालुकाभर जाते अशी त्यांची खात्री होती. ती खरीही होती.

आता मुख्य हत्यार. आमची स्पर्धा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला असते. पाहुण्या टीमला दुपारी पंगत देण्याची आमची रीत आहे आणि पंगत म्हटली की रोडगे. गव्हाच्या जाड पिठाचे, आत पदर घातलेले, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले. वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. गुलाबभाऊंची बायको फार लवकर गेली, त्यामुळे रोडगे ते स्वतः लावत. वाढायलाही स्वतः फिरत.

"घ्या पाव्हने! एकानं काय होते? आमच्या गावचा अपमान करता का?"

वऱ्हाडात पाहुण्याने आग्रह मोडायचा नसतो. चार रोडगे आणि वाटीभर तूप पोटात गेलेला माणूस चेंडूच्या मागे धावेल की सावली पाहील? आमचे पोट्टे मात्र शेवटच्या शिट्टीपर्यंत उपाशी. भुकेला माणूस चिडून खेळतो, असा गुलाबभाऊंचा सिद्धांत होता. सामना जिंकला की ते राखेतून शेवटचा रोडगा काढत, फुंकर मारत, आणि जो सगळ्यांत चांगला खेळला त्याच्यापुढे हाताने तोडत. "अर्धा तुले, अर्धा मले." कप कमिटीच्या कपाटात जायचा. पोरं मरायची ती त्या अर्ध्या रोडग्यासाठी.

तर असे हे गुलाबभाऊ गेली काही वर्षं हरायला लागले.

आधी म्हटलं, होतं एखाद्या वर्षी. मग दुसऱ्या वर्षी सुलतानपूरचे पोट्टे पाच-पाच रोडगे हाणून वर आम्हाला तीन गोल देऊन गेले. गावात कुजबुज सुरू झाली. "बुढ्याचा हात गेला." "हात न्हाई गेला, डोस्कं गेलं." आणि जी कुजबुज कोणी मोठ्याने करत नव्हतं ती ही, की गुलाबभाऊ फुटले. कोणीतरी त्यांना विकत घेतलं.

कारण लोकांना आणि मला एक गोष्ट साफ दिसत होती. गुलाबभाऊ आता खेळाडू बदलतच नव्हते. पूर्वी एखाद्याचा पाय जरा जड वाटला की ते त्याला कान धरून बाहेर काढत. आता आमचा एक बॅक भर सामन्यात फोनवर बायकोशी भांडतो आहे, गोलकीपर जांभया देतो आहे, आणि गुलाबभाऊ नुसते दोरीपाशी जाऊन विचारतात, "बाहीर बसतं का बाप्पा?" पोरगा म्हणतो, "न्हाई." आणि हे म्हणतात, "बरं मंग." राखीव पोरं बाकावर बसून शेंगा खातात. असा मॅनेजर एक तर संत असेल, नाही तर विकला गेलेला. गुलाबभाऊ संत नाहीत हे मला शेजारी म्हणून चांगलं माहीत होतं.

यंदा कमिटीने स्पष्टच सांगितलं की फायनल हरलो तर टीम खामगावच्या एका सर्टिफिकेटवाल्या कोचकडे जाईल. गुलाबभाऊ ऐकून म्हणाले, "सर्टिफिकेट? यात काहीतरी गोम हाय." पण आवाजात जोर नव्हता. त्या घरात त्यांना विचारणारं कोणी नाही. टीम गेली तर "जेवलात का" म्हणणाराही संशय घ्यायला उरणार नाही, हे त्यांनाही कळत होतं.

फायनलला समोर जळगाव जामोद. पंगत बसली. मी मांडवात वायरी ओढत होतो. पाहतो तर काय, गुलाबभाऊ आग्रहच करत नव्हते! ओळीतून भुतासारखे फिरत होते. जळगावच्या निलेशपाशी, म्हणजे त्यांच्या सेंटर फॉरवर्डपाशी, ते थांबले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तोंडावर हात धरून त्याच्या कानात काही बोलले. मग धोतराच्या सोग्याखालून फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा काढला आणि त्याच्या पिशवीत सरकवला.

माझ्या हातातली वायर गळून पडली. भर पंगतीत, समोरच्या सेंटर फॉरवर्डला डबा!

ही गोष्ट मी फक्त एकाला सांगितली. त्याने कोणाला सांगितली ते मला माहीत नाही, पण सामना सुरू होईपर्यंत कमिटीच्या अध्यक्षांची मान माझ्याकडे वळून हलली होती.

सामन्यात व्हायचं तेच झालं. आमच्या फॉरवर्डच्या पोटरीत गोळा आला. अख्खं मैदान ओरडलं, "बदला त्याले!" गुलाबभाऊंनी दोरीपाशी जाऊन विचारलं. पोराने मान हलवली. गुलाबभाऊ मागे येऊन बसले. तो पोरगा लंगडत राहिला आणि निलेशने दोन गोल केले. मी माईकवर "दुर्दैव" हा शब्द वापरला, पण वापरताना माझा मलाच पटला नाही.

कमिटी तिथेच मांडवात बसली. अध्यक्ष म्हणाले, "गुलाबभाऊ, त्या डब्यात काय होतं?"

"रोडगे."

सगळे हसले. समोर रोडग्यांची रास पडलेली, आणि हा माणूस लपवून रोडगे देतो! जन्मभर ज्याने कोणाच्या साध्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, त्याच्या साध्या शब्दावर कोण ठेवणार?

"खरं सांगा, भाऊ."

"खरंच सांगून राह्यलो," गुलाबभाऊ म्हणाले. मग त्यांनी टीमच्या सामानाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. हवा भरायचा पंप ठेवला आणि परत उचलला. "पंप माह्या हाय," म्हणाले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. झोप लागली नव्हती, खोटं कशाला सांगू. विचारलं, "गुलाबभाऊ, रोडगे कोणासाठी होते?"

ते पंपाचं वायसर काढून तेल देत होते. मागे वळून पाहिलं नाही, तोंडावर हातही धरला नाही. "विजूसाठी," म्हणाले.

विजू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. आमच्या टीममध्ये त्याच्यासारखा खेळणारा झाला नाही. पुण्याकडे कंपनीत आहे, गावी येत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक. का येत नाही ते त्या दिवशी कळलं.

विजूचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, जळगाव जामोदच्या मुलीशी झालेला; ती निलेशची बहीण हे मला तेव्हाच कळलं. त्या वर्षीच्या फायनललाही समोर जळगावच. पंगत बसली, आणि जळगावची अर्धी टीम रोडग्याला हात लावेना. "उपास हाय," म्हणाले. गुलाबभाऊंना वाटलं, यात गोम आहे. रोडग्यांचं गुपित फुटलं. कोणी फोडलं? ज्याची सासुरवाडी जळगावला, त्याने. त्यांनी विजूला शिट्टीच्या क्षणी बाहेर बसवलं आणि सगळ्या टीमदेखत म्हणाले, "फितुराले खेळवत न्हाई मी." माईकवर मी होतो. टीममधलं बाहेर फोडायचं नाही ही गुलाबभाऊंची शिस्त पोरांनी पाळली, म्हणून मला वाटलं होतं, विजूचा पाय दुखावला.

तो सामना आम्ही जिंकलो. जिंकल्याच्या भरात गुलाबभाऊंनी नेहमीप्रमाणे रोडगा तोडला आणि अर्धा, तो खेळला नसतानाही, विजूपुढे धरला. विजूने बूट काढले, बापापुढे ठेवले आणि अनवाणी बसस्टँडकडे गेला.

"मंग लग्नाच्या वक्ती मी जळगावले गेलो," गुलाबभाऊ म्हणाले. "शनवार होता. पंगतीत अर्धे लोकं साबुदाना खाऊन राह्यले. मी म्हटलं, हे काय? त व्याही म्हने, आमच्या इकडं मारुतीचा उपास असते शनवारी, पोट्टे सारेच धरतात. मी घरी येऊन कॅलेंडर पायलं, सुधाकर. थो फायनलचा दिवस शनवारच होता."

त्यांनी वायसर परत पंपात बसवलं.

"त्यायनं तोंडानं सांगतलं होतं मले, उपास हाय म्हनून. म्या आयकलं न्हाई. माफी मांगाव त कोन्या तोंडानं? आता कोनाले बाहीर काढाचं म्हटलं का माह्या हातच उचलत न्हाई. बाहीर बसवलेला पोरगा परत घरी येत न्हाई बाप्पा."

मग मला समजलं. त्यांचा हात गेला नव्हता. कोणता पोट्टा थकला हे त्यांना अजून सगळ्यांच्या आधी दिसत होतं. फक्त त्याला उठवायची हिंमत राहिली नव्हती. आणि ज्या माणसाला मी माझ्या माईकच्या आवाजाइतका ओळखतो असं समजत होतो, त्याला मी एका डब्यावरून विकला गेलेला ठरवलं होतं. मला फार वाईट वाटलं.

विजू दर पोळ्याला सासरी जळगावला येतो. तिथूनच परत जातो. म्हणून निलेश खेळायला आला की त्याच्यासोबत डबा. "म्या देल्ला असं सांगू नोको," असं दरवर्षी बजावायचं, आणि दरवर्षी डबा धुऊन परत यायचा. आत सुनेने टाकलेली चिमूटभर साखर, कारण रिकामा डबा परत करत नाहीत.

आम्ही असे बसलेले असतानाच निलेशची मोटरसायकल दारात थांबली. त्याने वाकून नमस्कार केला. "मामाजी, डबा."

गुलाबभाऊंनी डबा हातात घेतला आणि त्यांची भुवई वर गेली. वजन जास्त होतं. डबा कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी खडखडलं. त्यांनी निलेशकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"यात काहीतरी गोम हाय."

झाकण उघडलं. आत अर्धा रोडगा होता. सुरीने कापलेला नव्हे, हाताने तोडलेला.

"बाकीचा अर्धा कोनं खाल्ला?" गुलाबभाऊंनी विचारलं.

"दाजीनं. इचारलं, कोनं देल्ला? मी काईच बोललो न्हाई. त थे म्हने, हा बाकीचा बाबाले दे, त्यायले समजते."

गुलाबभाऊंचा हात तोंडावर गेला. पण या वेळी हाताआड काही बोलायचं नव्हतं. निलेश उगाच मोटरसायकलचा आरसा पुसू लागला आणि मी पंपाकडे पाहत बसलो.

मग त्यांनी तो रोडगा उचलला आणि तसाच कोरडा खायला घेतला. ना वरण, ना तूप. शिळा होऊन तो दगड झाला होता आणि गुलाबभाऊंच्या दाढा आता पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. एकेक घास ते नेटाने चावत होते. ज्या माणसाने जन्मभर अख्ख्या जिल्ह्याला आग्रह करकरून रोडगे खाऊ घातले, तो त्या संध्याकाळी समोर बसलेल्या आम्हा दोघांना नुसतं "घ्या" सुद्धा म्हणाला नाही.