आण्णांचं घरातलं नाव

आमच्या उचगावच्या गल्लीत नवीन माणूस राहायला आला की त्याच्या दारात आधी दूधवाला जातो, मग पेपरवाला आणि मग आनंदराव आण्णा. पहिले दोघे नाव विचारतात आणि निघतात. आण्णा खुर्ची ओढून बसतात, नाव ऐकून मान हलवतात आणि म्हणतात, "हे झालं कागदावरचं. घरातलं सांगा की."

घरातलं म्हणजे लहानपणी आईबापांनी, भावंडांनी ठेवलेलं. ते कळल्याशिवाय आण्णा उठत नाहीत. चहा दिलात तर पितात, नाही दिलात तरी बसतात. मी इथे राहायला आलो तेव्हा सामान उतरवणाऱ्या हमालांसमोर मला ‘शेंबड्या’ असं सांगावं लागलं. आण्णांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं. हमाल मात्र फ्रिज वाटेतच टेकवून हसत बसले. बायको आजही भांडण रंगात आलं की ते नाव काढते. कित्येक दिवस मला आण्णांचा रागच होता.

एकदा न राहवून विचारलं, "तुम्हाला कशाला हो ही उठाठेव?"

"अवो, मोटं नाव कोण बी घेतंय," आण्णा म्हणाले. "बँकवाला घेतोय, पोलिस बी घेतोय. बारकं नाव घ्यायला आपलंच माणूस लागतंय. तसली किती ऱ्हायल्यात, तेवढंच बगायचं."

आयुष्यभर सायकलचं दुकान चालवून ते मुलाच्या हाती दिलेला हा माणूस. अंगाने काटकुळा, आवाजाने मात्र गल्लीच्या दोन्ही टोकांना पुरेल असा.

माझ्या पुतणीला बघायला कळंब्याहून पाहुणे आले होते. मुलाचे वडील निवृत्त फौजदार. पोह्यांना हात न लावता ते झडतीला आल्यासारखे आमच्या भिंती न्याहाळत होते. बोलणं काही पुढे सरकेना. तेवढ्यात आण्णा न बोलावता आत आले आणि खुर्ची ओढून साहेबांसमोर बसले.

"सायेब, घरात काय म्हणत हुते तुमास्नी?"

फौजदारांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. आण्णा हलले नाहीत. शेवटी साहेब बशीकडे बघत पुटपुटले, "बोक्या." हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. मग साय चोरून खाल्ल्याच्या गोष्टी निघाल्या, साहेबांनी पोहे पुन्हा मागून घेतले आणि लग्न ठरलं.

पण आण्णांचं स्वतःचं घरातलं नाव काय? हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या मुलालाही नाही. त्यांची बायको होती तोवर ‘अवो’ म्हणूनच हाक मारायची. विचारलं की आण्णा एवढंच म्हणत, "ते घेणारी कोडोलीला हाय." कोडोलीला त्यांची थोरली बहीण, आक्का. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्यांना वाढवलं. बाकीची भावंडं, जुने सोबती, सगळे एकेक करून गेलेले.

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. आक्का माणसं विसरायला लागली होती, जेवतही नव्हती. आण्णांनी मला गाडी काढायला लावली. वाटेत त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, पेट्रोल पंपावरच्या माणसालाही नाही. वारणेकडचा ऊस सुरू झाल्यावर हळूच म्हणाले, "तिनं वळखलं न्हाय, तर मला अरं म्हणणारं कोण ऱ्हात न्हाय बगा."

आक्का सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. आण्णा वाकून पाया पडले. तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि परक्याशी बोलावं तशी म्हणाली, "कुठनं आलासा, पावणं?"

आक्काची सून आण्णांना हळू आवाजात सांगू लागली, "सकाळधरनं ताट तसंच हाय. धाकटा भाऊ खेळायला गेलाय, तो आला की मग जेवीन म्हंत्यात." तो धाकटा भाऊ तिच्या समोरच उभा होता.

आण्णा वळले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. मला वाटलं, निघाले. मी उठतोय तोवर अंगणातून धावण्याचा आवाज आला. सत्तरी ओलांडलेला, गुडघे धरून जिना चढणारा तो माणूस चपला भिरकावून आत शिरला आणि ओरडला, "आक्का, भूक लागलीया गं."

आक्काने मान वर केली.

"आलास व्हय रं ढब्या? कुठं उंडारत हुतास? आदी हातपाय धू जा."

एवढ्या काटकुळ्या माणसाचं नाव ढब्या. एरवी मी पोट धरून हसलो असतो, पण तेव्हा हसू आलं नाही. आण्णा मान खाली घालून मोरीत गेले. आक्काने ताट पुढे ओढलं, भाकरी मोडली आणि मोठा तुकडा त्यांच्यासाठी बाजूला ठेवला. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. मग पाणी थांबलं, तरी आण्णा काही बाहेर येईनात.

"किती येळ धुतोयस रं?" आक्काने हाक मारली. "भाकरी गार व्हाया लागली की."