दोन फुकट ओळींचे वाचक

मंगळवार, ११ मार्च, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बळीरामजी निखारे यांनी माझ्या ओट्यावरून जाहीर केले की, मंत्र्यांनी राजीनामा दिला आहे. मंत्र्यांना हे ठाऊक नव्हते.

बळीरामजी माझे शेजारी. पवनीतले निवृत्त कापडव्यापारी. मोबाइलवर वृत्तपत्र उघडले की बातमीच्या दोन ओळी फुकट दिसतात, मग 'पुढे वाचण्यासाठी वर्गणी भरा' अशी पाटी येते. सामान्य माणूस तिथे पैसे भरतो किंवा थांबतो. बळीरामजी उरलेली बातमी स्वतः रचतात आणि केशकर्तनालयापर्यंत पोहोचवतात.

त्या दिवशीची दुसरी ओळ होती: 'पुलाच्या विलंबाविषयी विचारताच मंत्र्यांनी अखेर...'

"'अखेर'च्या पुढं राजीनामाच येते, गुरुजी. दुसरं काय येईन?"

"वर्गणी भरा, म्हणजे कळेल."

"कायले? बातमी का कोणाच्या बापाची आहे? घडली तवा फुकटच घडली ना!"

हेच गृहस्थ चाळीस वर्षे गिऱ्हाइकाला हातरुमालही फुकट उलगडून दाखवीत नसत.

वर्गणी मी भरतो. त्यामुळे रोज ते अंदाज सांगतात, मी खरी बातमी वाचतो आणि ते "हत् तेरी!" म्हणत मांडीवर थाप मारतात. पूर्वी हे तासात आटोपे. गेल्या वर्षी त्यांची पत्नी वारल्यापासून दोन तास लागतात. माझ्या दुसऱ्या खुर्चीला तीनच पाय आहेत. बसणारा लवकर उठावा म्हणून ती मी मुद्दाम दुरुस्त केली नव्हती. बळीरामजी ती भिंतीला टेकवतात, तोल सांभाळतात आणि बसून राहतात.

त्या सकाळी माझा मोबाइल बंद पडला होता. मी त्यांचा मागितला.

"माह्याच्यात दोनच ओळी दिसतेत," ते घाईने म्हणाले. तोवर मी तो घेतला होता.

पाटी नव्हती. बातमी शेवटपर्यंत उघडी होती. मंत्र्यांनी अखेर चहा मागवला होता. खाली लिहिले होते: 'वार्षिक वर्गणीदार, बळीराम निखारे.'

"हे काय?"

त्यांनी मान खाली घालून खुर्चीचा तोल सावरला.

"मागच्या साली भरली, गुरुजी. घरी बसून पुरी बातमी वाचली. मंग सांगू कोणाले?" मग म्हणाले, "आता उद्यापासून येऊ नोको काय?"

मी मोबाइल परत दिला.

"मंत्र्यांचे पुढे काय झाले?"

त्यांनी मान वर केली. "राजीनामा देऊन राहिले ना, गुरुजी!"

संध्याकाळी सुताराला बोलावून खुर्चीचा चौथा पाय बसवून घेतला.