गुप्ते काकांचं हिरवं पाणी

१२ मे १९९२. सकाळी साडेसहाला मी गुप्ते काकांच्या पोहण्याच्या टाकीच्या काठावर उकिडवी बसून लांब दांड्याच्या ब्रशाने शेवाळं घासत होते आणि टाकीचे मालक खुर्चीत बसून मला सांगत होते, की शेवाळं नाहीच.

"हिरवं? कुठे हिरवं? आभाळ भरून आलंय, मालतीबाई. सावली आहे ती."

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर आमचे बंगले शेजारी शेजारी. कारखान्यातून बॉयलरवरचे अधिकारी म्हणून काका निवृत्त झाले आणि मागच्या अंगणात त्यांनी ही टाकी बांधली. टाकी म्हटलेलं त्यांना खपत नाही. "टाकी गच्चीवर असते. हा पूल आहे." फाटकात येणाऱ्याला पहिला प्रश्न, "आंघोळ झाली?" पोस्टमनलाही. एकदा सत्यनारायण सांगायला आलेल्या गुरुजींनाही. भाजीवालीशी तर हल्ली रोज भांडण. ती म्हणायची, "आजोबा, कच्चे हायत ते टमाटे." हे म्हणायचे, "मला शिकवू नकोस."

पण दर मे महिन्यात गल्लीतल्या पोरांना पोहायला शिकवायचे ते काकाच. फुकट, आणि शिट्टी फुंकून फुंकून. काकू फेब्रुवारीत गेल्या. हा वर्गच काकांना पुन्हा उभं करेल, असा माझा हिशेब होता. नेमकं याच वर्षी पाणी हिरवं पडलं, आणि गल्लीतल्या आयांनी ठरवलं, की शुक्रवारपर्यंत ते साफ झालं नाही तर पोरं पाठवायची नाहीत. निरोप पोचवायचं काम माझ्याकडे. निरोप सांगण्यापेक्षा घासणं सोपं, म्हणून मी ब्रश उचलला.

ब्लिचिंग पावडरची एक गोणी टाकीने आधीच गिळली होती. दुसरी मी उल्हासनगरहून आणली. कॅम्प पाचात माझं औषधाचं दुकान आहे, शेजारच्या सिंधी व्यापाऱ्याने विचारलंच, "मॅडम, इतनी पावडर? घर में कॉलरा है क्या?"

"टेस्ट केल्याशिवाय एक चमचा पावडर पडणार नाही," काका म्हणाले. काचेच्या नळीत त्यांनी टाकीचं पाणी घेतलं, बाटलीतल्या औषधाचे पाच थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली.

"पिवळं. पाणी आंबट झालंय. सोडा घालायला हवा." त्यांनी धुण्याच्या सोड्याचा डबा उचलला.

नळीतलं पाणी कुंकवासारखं लाल होतं. लाल म्हणजे पाण्यात सोडा आधीच जास्त. तशा पाण्यात पावडर कितीही घाला, काम करत नाही.

"कधीपासून घालताय सोडा?"

"मार्चपासून. रोज."

"काका, हे लाल आहे."

डबा खाली ठेवून त्यांनी नळी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"नक्की?"

"नक्की."

"मला लाल-हिरवं लहानपणापासून कळत नाही," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "कारखान्यात काटे बघून भागलं. इथे ही सांगायची. रोज सकाळी. कुणाला पत्ता लागू दिला नाही तिने."

मी ब्रश झटकला. "सोडा उतरवायला ॲसिड लागेल. कुठे ठेवलंय ते सांगा. शुक्रवारला तीनच दिवस आहेत."

"शुक्रवारी काय आहे?"

मग निरोपही सांगून टाकला. काका तावातावाने उठले, आयांना नावं ठेवत ॲसिडचा कॅन आणला. मी ते बेताने ओतलं, संध्याकाळी पावडर घातली आणि मोटर चालू ठेवायला सांगून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाण्याआधी मी डोकावले. हिरवा रंग गेला होता, पाणी दुधाळ झालं होतं, पण वरच्या दोन पायऱ्या दिसत होत्या. काका नळी धरून उभेच होते. माझ्याकडे न बघता त्यांनी ती पुढे केली.

"डोळ्यात काहीतरी गेलंय जरा."

"नारिंगी," मी म्हटलं. "अगदी हवं तसं."

"मला माहीत आहे. तुमची परीक्षा घेत होतो."

मी नळी विसळून काठावर उपडी घातली, उद्या पावणेसातला येते म्हटलं आणि दुकान उघडायला गेले.