करंगळीची परीक्षा

सुलभाताई कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांना भेटत नाहीत, दाराला भेटतात. उंबऱ्यातच थांबून उजव्या हाताची करंगळी दारावर टेकवतात आणि हळूच ढकलतात. दार मुकाट्याने सरकलं तर ‘पास’. अडलं किंवा कुरकुरलं तर ‘नापास’, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाई रंधा घेऊन हजर. घरमालकाला विचारायची पद्धत नाही. आमच्या गोत्री भागातल्या सोसायटीतलं एकही दार पावसाळ्यात या तोंडी परीक्षेतून सुटत नाही.

ताईंनी तीस वर्षं गुजराती शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे रागावणं गुजरातीत आणि कौतुक मराठीत, अशी वाटणी होऊन बसली आहे. यजमान कोयलीच्या रिफायनरीत होते. ते गेले, त्याच वर्षी ताई निवृत्त झाल्या आणि जुनी दारं आणू लागल्या. जुन्या शहरात, मांडवीकडे एखादं घर पाडायला घेतलं की यांना आधी कळतं. टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून, मागे दार झोपवून, त्या वरातीसारख्या सोसायटीत शिरतात. मग यजमानांचा निळा बॉयलर सूट चढवायचा, बाह्या चार वेळा दुमडायच्या आणि पार्किंगमध्ये खरवडत बसायचं. सोसायटीने एकदा याबद्दल नोटीस काढली होती. ताईंनी तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या नऊ चुका लाल पेनाने सुधारून ती परत पाठवली. पुन्हा नोटीस आली नाही.

भिंतीला टेकवलेली दारं म्हणजे त्यांचा वर्ग. वाकलेल्या दाराला ‘सीधो ऊभो रहे’ असा दम मिळतो. हिरव्या रंगाखाली निळा, निळ्याखाली पिवळा निघत जातो, तेव्हा त्या म्हणतात, “घरातल्या प्रत्येक लग्नाला एक हात दिलाय मेल्यांनी.” शेवटी खालचं सागवान दिसलं की अळशीच्या तेलाचं फडकं फिरवत मराठीत, हळूच, “हुशार आहे हो. उगाच मागच्या बाकावर बसवलं होतं.”

अलकापुरीतून एक तरुण आर्किटेक्ट आला होता. त्याला दारावर काच ठेवून जेवणाचं टेबल करायचं होतं. ताईंनी त्याला स्टुलावर बसवून समजावलं, की दाराला शंभर वर्षं उभं राहायची सवय आहे, त्याला झोपवलं तर त्याची पाठ धरेल, आणि वर तुम्ही त्याच्यावर वरण सांडणार. तो बिचारा टेबल करायला आला आणि दोन दारं बसवायचं कबूल करून गेला.

आम्हाला हे सगळं गमतीचं वाटायचं. गेल्या श्रावणापर्यंत.

त्या रविवारी माझे वडील, अप्पा, अंघोळीला गेले आणि आतच अडकले. वय ब्याऐंशी, प्रकृती ठणठणीत. दार फुगलं होतं आणि कडी घट्ट बसली होती. घराबाहेरच्या माणसाला न्हाणीघर काय दाखवायचं, म्हणून हे दार तेवढं ताईंच्या परीक्षेला बसलं नव्हतं. शेजारी जमले. कुणी झरोक्यातून चहा पाठवायची सूचना केली. मीही हसतच ताईंना बोलवायला खाली गेलो.

त्या हसल्या नाहीत. हातोडी आणि पटाशी उचलून अनवाणीच जिना चढू लागल्या. वाटेत एवढंच विचारलं, “अप्पा बोलतायत का?”

दाराशी आल्यावर म्हणाल्या, “अप्पा, बोलत राहा. काहीही बोला, पण थांबू नका.”

अप्पांनी आतून एकोणिसाचा पाढा सुरू केला. ताईंनी बिजागऱ्यांचे खिळे खालून ठोकून वर काढले. एक घाव बोटावरही बसला. पाढा एकशे बावन्नवर आला आणि आम्ही दार उचलून बाजूला ठेवलं. अप्पा पंचा गुंडाळून, चहा का नाही आला म्हणून रागावतच बाहेर आले. सगळे हसले आणि पांगले.

ताई मात्र तिथेच जमिनीवर बसून राहिल्या. पटाशी मुठीतच होती. बायकोने पाणी दिलं, तेव्हा म्हणाल्या, “हे असेच आत पडले होते. दार फुगलेलं. मी बाहेरून ढकलत होते. आधी बोलत होते माझ्याशी. सुतार यायला पाऊण तास लागला. तोवर बोलायचे थांबले होते.”

कपडे बदलून आलेले अप्पा माझ्यामागे उभे होते. स्वतःचा चहाचा कप त्यांनी ताईंच्या पुढ्यात ठेवला.

ताईंनी दोन दिवस खपून ते दार तासलं, परत बसवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून खणखणीत आवाजात एक नाट्यपद ऐकू आलं. अप्पांनी जन्मात कधी गाणं म्हटलं नव्हतं. बायको घाबरून धावली. अप्पा बाहेर आले आणि केस पुसत मला म्हणाले, “आपला झरोका पार्किंगवरच उघडतो ना? आवाज जातो खाली?”

आता रोज साडेआठला अप्पा गातात. सूर नाही, ताल नाही, शब्दही अर्धे स्वतःचे. खाली खरवडण्याचा आवाज थांबतो. दोन ओळी होईपर्यंत थांबलेलाच असतो. मग पुन्हा सुरू होतो.