आवरलेल्या झेंड्या

सदतिसावी झेंडी रोवली आणि मोजणीदार मटकन खाली बसले. राखीव रानातल्या एका दुर्मिळ, बुटक्या फुलझाडाची मोजणी ते बावीस वर्षं करत होते. एका रोपाशेजारी एक झेंडी, अशी पद्धत. तीन वर्षं आकडा घसरत होता, गेल्या वर्षी पंचेचाळीस भरली होती. आकडा चाळीसच्या खाली गेला की कुंपण निघणार आणि रस्ता होणार, हे कागदोपत्री ठरलेलं. दुपारी वनअधिकारी बाई झेंड्या तपासायला यायच्या होत्या.

मदतनीस आजारी, म्हणून यंदा बायको सोबत आलेली. मोजणीदार तोंड धुवायला ओढ्यावर गेले. परत येऊन बघतात तर काय, रानात औषधालाही झेंडी नाही! सगळ्या बायकोच्या मांडीवर, दोऱ्यानं छान बांधलेल्या.

"अगं, हे काय केलंस?"

"मोजून झालं ना? मग आवरलं. घरी तुमचा पसारा मीच आवरते की!"

"त्या तपासायच्या होत्या गं!" मोजणीदारांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग पुन्हा रोवू. त्यात रडण्यासारखं काय आहे?"

"झेंड्यांचं नाही गं. रोपं चाललीत. माझ्या डोळ्यांदेखत चाललीत."

बायकोला फार वाईट वाटलं. ती गुडघ्यांवर बसली आणि बोट दाखवू लागली.

"हे एक. हे दुसरं. आणि हे पिल्लू."

"ते गवत आहे."

"गवताला अशी कळी येते होय?"

मोजणीदारांनी नाक मातीला टेकेपर्यंत मान खाली घातली. खरंच कळी होती. झेंड्या संपल्या, मग काटक्या रोवल्या. भरली किती? एकसष्ट! मोजणीदार लहान मुलासारखे हसले आणि हसता हसता त्यांना गेल्या वर्षीचा आकडा आठवला.

"म्हणजे गेल्या वर्षीही रोपं होतीच..."

"असणारच. परवा तुम्ही शेजारणीला मी समजून 'अगं, ऐकलंस का' म्हणालात. तुम्हाला लागेल म्हणून मी बोलले नाही."

अधिकारी बाई आल्या, वाकून वाकून सगळं मोजलं. एकसष्टच. "उत्तम! कुंपण राहील. पण आधीची तीन वर्षं आकडा घसरला, त्याचं कारण काय लिहू?"

मोजणीदारांचे कान लाल झाले. "लिहा, मोजणाऱ्याला नीट दिसत नाही."

"आणि उपाय?"

"दरवर्षी हिला घेऊन येणार."

"आधी चष्मा घ्या," बायको म्हणाली. "माझ्याकडेही जरा नीट बघा. तीन वर्षांत मीही बदललेय."