रोमिंगवरचा आरोपी

"माझी नजर म्हणजे नजर नव्हे, चाळणी आहे. सगळं जग तिच्यातून गळून जातं आणि गुन्हेगार तेवढा वर राहतो."

हे वाक्य आमच्या ह्यांचं. ते त्यांनी स्वतःबद्दल, स्वतःच रचून, स्वतःच्या खर्चाने कार्डावर छापून घेतलं आहे. स्वतःच्या म्हणजे माझ्या डब्यातल्या पैशांनी. खाली 'सूक्ष्म निरीक्षण, तीव्र तर्क, माफक दर' असंही आहे. पैकी दर माफक आहे हे मी शपथेवर सांगू शकते, कारण तो आजवर कुणी दिलेलाच नाही.

ह्यांची सगळी नोकरी स्टेशनावरच्या हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत गेली. ज्यांना छत्र्या सापडत ते तिथे आणून देत, ज्यांच्या हरवत ते येऊन घेऊन जात, आणि मधल्या वेळात हे छत्र्यांजवळ बसून असत. इतकी वर्षं बसल्यावर माणसाचा समज होतो की छत्र्या आपणच शोधल्या. निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी गुप्तहेरी सुरू केली आणि मला मदतनीस नेमलं. चहा, जाण्यायेण्याचा खर्च आणि शेवटी लोकांची माफी मागणं ही खाती माझ्याकडे.

मोबाइलला नुकतंच इंटरनेट फुटलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. पडदा काडेपेटीएवढा. त्यावर एखाद्याचा फोटो उघडायचा म्हटलं की आधी कपाळ दिसे. मग आपण चहाचं आधण ठेवून यावं, तोवर भुवया उतरलेल्या असत. परदेशात गेलं की हाच फोन दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी पिऊ लागे आणि विहिरीचा मालक थेंबाथेंबाचे पैसे लावी. याला रोमिंग म्हणतात, हे बहुतेकांना घरी परत आल्यावर कळे.

माझ्या धाकट्या भावाला असंच कळलं.

तो बटणांच्या कारखान्यात विक्रीचं काम करतो. त्याच्या साहेबांनी त्या वर्षी पाच भोकांचं बटण काढलं होतं. चार भोकांवर जगाचं नीट चाललं होतं, कुणाची तक्रार नव्हती. पण साहेबांना वाटलं, लोक संकोचाने बोलत नसतील. ते बटण घेऊन भाऊ परदेशातल्या प्रदर्शनाला गेला आणि रिकाम्या हाताने परतला. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते मागाहून आलेल्या फोनच्या बिलाचं. त्याचे तीन पगार एकावर एक ठेवले तरी बिल वरून डोकावत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी भावजय आमच्या दारात उभी राहिली. मागे भाऊ, वाळत घातलेल्या शर्टासारखा.

"वन्सं, सोमवारी साहेबांनी बोलावलंय. बिलाचा खुलासा झाला नाही तर पैसे पगारातून कापणार आणि वर नोकरीवरूनही काढणार."

"अगं, नोकरीवरून काढल्यावर पगारातून कसे कापतील?"

"तेच मी विचारलं. साहेब म्हणाले, आधी कापू, मग काढू."

हे आतून आले. हातात भिंग होतं. त्याची दांडी निघालेली असल्यामुळे ते दोन बोटांच्या चिमटीत धरावं लागतं.

"बोला मेहुणे! फोन कुणाला केलात?"

"भावोजी, एकच केला. पोचलो म्हणून. साहेबांना."

"साहेबांना!" भावजय माझ्याकडे वळली. "ऐकलंत ना? बायकोला एक नाही! आणि बिल बघा. बिलावर 'डेटा, डेटा' लिहिलंय पानभर. कोण ही डेटा?"

"बाई नाही गं ती," मी म्हटलं.

"तुम्ही भावाचीच बाजू घेणार."

भावाने सांगितलेलं थोडक्यात असं: जाताना साहेबांनी कारखान्याचा नवा मोबाइल दिला, त्यात ई-मेलची पत्रंही येतात म्हणून सांगितलं आणि दोन हुकूम सोडले. पोचल्याचं एकदा कळवलं की वापरायचा नाही आणि बंद करायचा नाही. भावाने दोन्ही पाळले. फोन चालू ठेवला, मोज्यात घातला, मोजा बॅगेत आणि बॅग पलंगाखाली. परत आल्याबरोबर साहेबांनी फोन काढून घेतला, बंद केला आणि रबरबँड लावून कपाटात ठेवला. कोणी उघडला नाही, कारण उघडायचेही पैसे पडतात अशी साहेबांची समजूत होती.

"मोजा कुठे आहे?" ह्यांनी विचारलं.

भावाने पायाकडे बोट दाखवलं. ह्यांनी वाकून भिंग लावलं आणि झटकन सरळ झाले.

"पुरावा तीव्र आहे," एवढंच म्हणाले.

शनिवारी सकाळी पहिला सिद्धान्त तयार झाला. हॉटेलात खोली झाडायला येणाऱ्या बाईने मोज्यातून फोन काढला, आपल्या सगळ्या गोतावळ्याशी बोलून घेतलं आणि परत मोज्यात ठेवला.

"पण बोलण्याचे पैसे एकाच फोनचे लावलेत," मी म्हटलं. "बाकी सगळा डेटा आहे."

"मग ती बोलली नसेल. मुकी असेल."

दुपारपर्यंत बाई सुटली आणि विमान अडकलं. उंचावर हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे फोनमधला डेटा गळाला. हे म्हणाले, शाईचं पेन गळतं की नाही? मी म्हटलं, गळतं, पण शाईवाला नंतर घरी बिल पाठवत नाही.

रात्री जेवताना हे ताठ झाले. "मेहुणे, प्रदर्शनात शेजारी कोण होतं?"

"चेनवाला, भावोजी. पँटच्या चेन विकणारा."

"तुमच्याशी कसा वागला?"

"चांगला. हसला माझ्याकडे बघून."

"हसला!" ह्यांनी पानावरून हात उचलला. "चेन आणि बटण यांचं पिढीजात वैर. आणि तो हसतो? पाच भोकांचं रहस्य त्याने तुमच्या फोनमधून ओढून नेलं!"

"भावोजी, बटण टेबलावरच मांडलं होतं. भोकं कुणालाही मोजता येत होती."

"म्हणूनच कुणाला संशय आला नाही."

मला राहवलं नाही. "अहो, एकदा फोन कंपनीला विचारा तरी." कंपनीतल्या मुलीशी बोलताना ह्यांनी आधी कार्ड वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "सर, हा गेलेला डेटा नाही. आलेला आहे. फोनने आपणहून उतरवून घेतलाय."

ह्यांनी फोन ठेवला. "बिचारी गोंधळलीय. आलेला म्हणजे गेलेलाच. दिशा तेवढी वेगळी."

घरखर्च मी सांभाळते. आलेलं आणि गेलेलं एकच असतं तर आमच्याकडे पैशांचा पूर आला असता. पण गुप्तहेराच्या मदतनिसाने मधे बोलायचं नसतं.

रविवारी भावजय माझ्याशीही बोलेना. आल्यापासून ती एकच हिशेब मांडून बसली होती: माणूस फोन वापरत नाही म्हणतो आणि फोन तर वापरला गेलाय. म्हणजे कुणाशी तरी काहीतरी आहे. भाऊ गॅलरीत उभा राहून नोकरीच्या जाहिराती वाचत होता. बटणांचा अनुभव कुणालाच नको होता.

सोमवारी आम्ही चौघं साहेबांच्या खोलीत जाऊन बसलो. खोलीत दिव्याच्या नळ्या दोन, पण लावलेली एक. पंखा आहे, पण तो हवा घालण्यापेक्षा हवेची आठवण करून देण्यासाठी. टेबलावर बटणांचे ट्रे, आणि साहेबांच्या मागे साहेबांचाच मोठा फोटो. खुर्चीतले साहेब थोडे कमी भरत, एवढाच फरक.

"मी एक टाचणी वाया जाऊ देत नाही," साहेब भावाला म्हणाले, "आणि तू परदेशात बसून माझा कारखाना उधळलास? काय पाठवलंस? डिझाइन?"

"साहेब, पोचल्याचं कळवल्यावर मी फोनला हातसुद्धा लावला नाही."

"मग हा काय स्वतःच स्वतःशी बोलला?" त्यांनी कपाटातून फोन काढला, रबरबँड सोडून खिशात घातला आणि फोन टेबलावर आपटला. आपटला म्हणजे हळूच ठेवला. फोन नवा होता.

हे उठले. या क्षणासाठी त्यांनी कोट घातला होता.

"गुन्हेगार," हे म्हणाले, "याच खोलीत आहे!"

आता नाव यायला हवं होतं, पण ते अजून ठरलेलं नव्हतं, हे फक्त मला ठाऊक होतं. ह्यांनी भावाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ संशयाने पाहिलं.

तेवढ्यात भावजयीने टेबलावरचा फोन उचलला.

"ए बाई, ठेव तो! पैसे पडतील!" साहेब ओरडले.

"पडू देत. नवरा माझा आहे." तो चालू करून ती बटणं दाबत सुटली. "पत्रं आहेत यात! ढीगभर! फोटो आहेत! वन्सं, मी म्हटलं नव्हतं? आता बघतेच कोण ती."

फोटो उघडू लागला. आम्ही सगळे तिच्या खांद्यावरून वाकलो. आधी कपाळ आलं.

"कपाळ मोठं आहे मेलीचं," भावजय दात चावत म्हणाली.

मग भुवया आल्या. दाट.

मग मिशी आली.

भावजयीने पडद्याकडे पाहिलं, मग साहेबांमागच्या भिंतीकडे, मग साहेबांकडे. दुसरं पत्र उघडलं. साहेब. तिसरं उघडलं. साहेब. प्रत्येक फोटोखाली एक ओळ: 'परदेशात डेटा अत्यंत महाग आहे. फोन जपून वापरावा. हुकुमावरून.'

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"सूचना," साहेब म्हणाले. आवाज उतरलेला. "दौऱ्यावरच्या सगळ्या विक्रेत्यांना. कॉम्प्युटरला सांगून ठेवलं होतं, दर तासाला पाठवत जा. त्याला जादा पगार द्यावा लागत नाही."

"रात्रीसुद्धा?"

"कॉम्प्युटर झोपत नाही."

"आणि फोटो कशाला?"

"नुसतं लिहिलं तर लोक मनावर घेत नाहीत."

"पण एवढा मोठा?"

"बाई, तो स्टुडिओत पैसे मोजून काढलाय. छोटा करून पाठवला तर उरलेला वायाच ना!"

"म्हणजे हे सगळं बिल," भावजय सावकाश म्हणाली, "तुम्हाला तिकडे पोचवण्याचं आहे."

पंखा एकदा फिरला.

"गुन्हेगार खोलीत आहे म्हणून मी सांगितलंच होतं," हे म्हणाले आणि बसले.

चूक स्वतःची निघाली की पगार कुणाचा कापायचा, हा प्रश्न साहेबांना पहिल्यांदाच पडला असावा. मग त्यांचा चेहरा उजळला आणि मला धास्ती वाटली. त्यांना फट सापडली होती.

"काय रे, एवढ्या सूचना आल्या आणि तू एकही उघडली नाहीस? माझ्या पत्राची ही किंमत?"

भावाच्या कपाळावर घाम आला. वाचल्या म्हणावं तर फोन वापरला. नाही वाचल्या म्हणावं तर साहेबांचा अपमान. ह्यांनी माझ्या कानात सांगितलं, "आता हा अडकला." शोधाच्या तीन दिवसांतलं त्यांचं हे एकमेव अचूक अनुमान.

"साहेब," भाऊ म्हणाला, "फोन वापरू नको एवढं तुम्ही आधीच सांगितलं होतं. पत्र उघडायचं तर फोन वापरावा लागला असता. म्हणून नाही उघडलं."

साहेबांनी हे वाक्य उलटंपालटं करून पाहिलं. कुठे शिवण उसवलेली नव्हती. हुकूम वाचण्याच्याही आधी पाळणारा नोकर दुसरा मिळायचा नाही, आणि मिळाला तर जास्त पगार मागेल, हे त्यांच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "जा कामाला. पगार कापणार नाही. या वर्षी वाढवणारही नाही."

भाऊ एवढा वाकला की टेबलावरची चार बटणं घरंगळली.

"आणि हे फोटो पुसून टाकू ना?" भावजयीने विचारलं. बोट बटणावरच होतं.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "हात लावू नका! किती पैसे पडलेत माहीत आहे ना एकेकाला?"

जिना उतरताना ह्यांनी मला सांगितलं, या प्रकरणाची फी घरच्या माणसांना माफ. भाऊ वरतीच कामाला थांबला होता. भावजय शेवटच्या पायरीवर थबकली आणि डोळ्यांना पदर लावला.

"आता काय झालं? नोकरी वाचली की त्याची!"

"वाचली हो वन्सं," ती म्हणाली. "पण तीन रात्री मी झोपले नाही. काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. एखादी बाई निघाली असती तर निदान नीट भांडता तरी आलं असतं."